तिसऱ्या वळणावरचे एकतीस बोल्ट

सोमवार, ४ मार्च

कंपनीने नवीन वर्षाला वाटलेली ही डायरी दोन महिने कपाटात पडून होती. पुठ्ठ्यावर आमच्या अम्युझमेंट पार्कचं नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं आहे. पुढच्या वर्षीच्या डायरीवर ते असेल की नाही कुणास ठाऊक, म्हणून आज हिलाच हाताशी घेतली. मन कुठेतरी मोकळं करायला हवं. घरी बायकोशी बोलायला गेलो तर ही रक्तदाबाची गोळी पुढे करते.

सकाळी पार्क उघडायच्या आधी साहेबांनी सगळ्यांना तिकीटघरासमोर गोळा केलं आणि एक कागद वाचून दाखवला. मी मागच्या रांगेत होतो. साहेबांचा आवाज इतका खाली गेला होता की मला निम्मंअर्धं कळलं. शेवटी शेजारच्या ठिणगीला विचारलं. ठिणगी म्हणजे आमची वेल्डर, अकरा वर्षं माझ्या हाताखाली आहे. तिने माझ्याकडे तोंड करून नीट सांगितलं. ज्यांची चौदा पार्क आहेत ती कंपनी आमची तीन पार्कची कंपनी घ्यायला निघाली आहे. सध्या नुसता प्रस्ताव आहे. महिनाभर त्यांची माणसं येऊन सगळं तपासतील, मग काय ठेवायचं आणि काय मोडीत काढायचं ते ठरवतील.

मोडीत म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मागे या चौदावाल्यांनी असंच एक पार्क घेतलं आणि तिथला मोठा कोस्टर सहा महिन्यांत कापून भंगारात घातला. आमच्या पार्कात लोक येतात ते 'सुसाट' या रोलर कोस्टरसाठी. सुसाट गेला की पार्क गेलं, आणि पार्क गेलं की बासष्ट माणसं घरी.

सुसाटचा पहिला खांब उभा राहिला तेव्हा मी पाना घेऊन तिथे हजर होतो. त्याला चोवीस वर्षं झाली. आता सत्तावन्नाव्या वर्षी दुसरीकडे मला कोण उभं करणार आहे?

मंगळवार, ५ मार्च

आज ठोकताना सारखं वाटत होतं, कुणीतरी बघतंय.

ठोकणं म्हणजे काय ते लिहून ठेवतो. चौदावाले ते बंद पाडतील, मग कुठेतरी नोंद असावी. रोज सकाळी मी पितळी तोंडाची हातोडी घेऊन रुळाच्या कडेच्या फळीवरून चढतो आणि नेमून दिलेले दोनशे चौदा बोल्ट एकेक करून ठोकतो. बोल्ट धड असेल तर टण्ण वाजतो आणि नाद थोडा वेळ राहतो. ढिला झाला असेल किंवा आत चीर गेली असेल तर ठप्प. हे मला जुन्या फोरमननी शिकवलं, हातोडीही त्यांचीच. सगळं झालं की मी हिरव्या कार्डावर सही करतो आणि ते चालकाच्या केबिनवर लावतो. कार्डाशिवाय सुसाट सुरू होत नाही. आणि ज्याने सही केली त्याने पहिल्या डब्यात बसून पहिली फेरी एकट्याने मारायची, हा फोरमनचाच नियम. ते म्हणायचे, सही हाताने करायची नाही, बुडाने करायची. चोवीस वर्षांत मी ही फेरी कधी चुकवली नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा फेरी मारूनच हॉलवर गेलो होतो, आणि ते हिने अजून माफ केलेलं नाही.

तिसऱ्या वळणावर आज दोन बोल्ट ठप्प वाजले. तिथले बोल्ट बारीक आहेत, बोटाएवढे. बदलले.

गुरुवार, ७ मार्च

तिसऱ्या वळणावर आणखी तीन. मी स्टोअरवाल्याला विचारलं की हा माल कुठून आणलास. त्याने खांदे उडवले. विकायच्या आधी घर रंगवतात तसं हे लोक वरवरचं करत असतील आणि आत हलका माल भरत असतील, असा मला संशय आहे.

दुसरा बदल म्हणजे सगळे कुजबुजायला लागले आहेत. चहाच्या टपरीपाशी, गेटवर, जिन्यात. मी जवळ गेलो की ओठ हलताना दिसतात आणि हाती काही लागत नाही. चौदावाल्यांच्या भीतीने माणसांच्या गळ्यातून आवाजच निघेनासे झालेत. की माझ्यापासूनच काही लपवतात?

ठिणगी तेवढी अजून धड बोलते. पण तीही आज काँप्रेसरच्या बाजूला उभी राहून बराच वेळ काहीतरी सांगत होती. त्या धडधडीत कुणाला काय कळणार. पोरगी शाळेत आहे तिची, नवरा नाही, नोकरीची चिंता असणार. मी "हो, हो" म्हणालो आणि पाठीवर थाप मारली. तिचा चेहरा एकदम हलका झाला. कुणीतरी धीर देणारं लागतं माणसाला.

सोमवार, ११ मार्च

रविवारी सकाळची फेरी मारून लवकर घरी आलो, नात आली होती. सात वर्षांची आहे. जत्रेतली एक शिट्टी घेऊन संध्याकाळपर्यंत गाल फुगवत फिरत होती. मी म्हटलं, अगं ही बिघडलेली दिसते, वाजत नाही. ती माझ्या कानाशी येऊन फुंकत राहिली आणि हसत सुटली. स्वयंपाकघरात ही दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती. हिला नातीचा दंगा अलीकडे सोसत नाही.

दारावरची बेलही गेली आहे. इलेक्ट्रिशियन आला, ठीक आहे म्हणाला, पैसे घेऊन गेला. माझ्या मते चोर आहे.

चौदावाल्यांची तपासनीस आज आली. तिशीची बाई, पाठीला पिशवी, पिशवीत एक यंत्र. बोल्टच्या डोक्यावर चिकट जेली लावायची, वर पेनासारखी कांडी टेकवायची, आणि पडद्यावर रेघा उमटतात. मला म्हणाली, "तुमची तपासणी वही बघायला मिळेल?" आवाज तिचाही बारीकच. मी चोवीस वर्षांच्या वह्या तिच्यासमोर रचल्या. वाचू दे हवं तेवढं.

शनिवार, १६ मार्च

तिसरं वळण पोखरलं जात आहे. आज धरून चौदा बोल्ट झाले. सगळे तिथलेच. चढावरचे जाड बोल्ट खणखणीत वाजतात आणि वळणावर आलो की जीव मुठीत धरावा लागतो. वरून खाली बघितलं की रिकामी रांग, रंगीत छत्र्या, आणि तासाभराने इथूनच माणसांनी भरलेले डबे जाणार. त्यात कुणाची तरी सात वर्षांची नात असणार.

एक चांगलं झालं. चढावरची चेन हल्ली अगदी शांत चालते. पूर्वी टकटक करून डोकं उठवायची. ग्रीस मी स्वतः भरतो, त्याचं फळ मिळालं.

वर वाऱ्यात ठिणगी पुन्हा काहीतरी म्हणाली. हातात मी काढलेला बोल्ट होता, तो माझ्यासमोर धरून बोलत होती. मी "हो, बघू" म्हणालो.

१९ मार्च

बावीस.

पहिल्या फेरीला आज बार दोन्ही हातांनी आवळून धरला होता. तिसऱ्या वळणावर डोळे मिटले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

शनिवार, २३ मार्च

तपासनीस बाईने मला बोलावलं. शेजारी साहेब. वहीत तिने पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. ती टेबलापलीकडून बोलली, अक्षरं सुटी सुटी येत होती, शेवटी साहेबांनी तिचं म्हणणं एका कागदावर लिहून माझ्याकडे सरकवलं. "पाच वर्षांत नऊ बोल्ट बदलले. या महिन्यात सव्वीस. एकाच वळणावर. म्हणजे वळण सरकतंय. सुसाट मोडीच्या यादीत जाईल."

मी सांगितलं की वळण सरकत नाही, माल खराब आहे. बाईने विचारलं, काढलेले बोल्ट कुठे आहेत, ते बघू. मी भंगाराच्या पेटीकडे गेलो.

पेटी रिकामी होती. एकही नाही.

सोमवार, २५ मार्च

कुणी नेले? भंगारात बोल्टाला कुणी विचारत नाही. नेणाऱ्याला ते विकायचे नाहीत, लपवायचे किंवा दाखवायचे आहेत.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये ठिणगी समोर येऊन बसली. भांड्यांचा गोंधळ, पंखे, चाळीस माणसं. ती डबा न उघडता बोलत होती, मधेच हाताने कपाटाला कुलूप लावल्यासारखं केलं. माझं लक्ष दारात उभ्या तपासनीस बाईकडे. मी "हो" म्हणालो आणि उठलो. एकोणतीस झाले आज.

गुरुवार, २८ मार्च

आज दिसलं.

ठोकून खाली उतरलो, कार्डावर सही केली. फेरीला निघालो तेव्हा लक्षात आलं की चष्मा वर राहिला. जिन्यापाशी आलो आणि सहज मान वर केली. तिसऱ्या वळणावर ठिणगी होती. ओणवी. हातात हातोडी. एकेका बोल्टपाशी थांबत होती, मारत होती, पुढे सरकत होती. रोज मी उतरलो की ती म्हणते, पाना वर राहिला, घेऊन येते. रोज कसा राहील पाना?

रोज सकाळी मी तपासतो, आणि माझ्यामागून ती जाऊन काहीतरी करते. दुसऱ्या दिवशी बोल्ट ठप्प वाजतो. आता सगळं जुळलं. चौदावाल्यांना सुसाट मोडीतच काढायचा आहे, कारण हवी आहे ती जागा. त्यांनी तिला काय कबूल केलं असेल? तिकडची नोकरी? पोरीची फी?

अकरा वर्षं. तिच्या हातात वेल्डिंगची कांडी पहिल्यांदा मी दिली. ठिणग्यांना घाबरायची म्हणून नाव ठिणगी पडलं. आणि मी रोज तिने हात लावलेल्या वळणावरून माणसं पाठवतो आहे.

हिला सांगितलं. ही माझ्या समोर येऊन, माझं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "अहो, आधी डॉक्टरकडे चला." मी रागावलो. माझ्या रक्तदाबाचं इथे काय काम.

शुक्रवार, २९ मार्च

साहेबांना लेखी तक्रार दिली. तिच्या आणि जमलेल्या सगळ्यांच्या देखत तिचं लॉकर उघडलं. खाली, गमबुटांच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेले बोल्ट. एकतीस. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर आणि तारीख, तिच्या अक्षरात.

साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?" ती माझ्याकडे बघत राहिली. इतकं एकटक की मला भिंतीकडे बघावं लागलं. ती काही बोलली नाही, निदान ओठ हलले नाहीत. साहेबांनी तिचं ओळखपत्र काढून घेतलं. जाताना तिने गळ्यातला रुमाल सोडून खुंटीला लावला, घडी घालून. कामावरून जाताना रोज लावते तसाच.

मी बरोबर होतो. तरी जेवण गेलं नाही.

शनिवार, ३० मार्च

आज वर एकटा होतो. मनात म्हटलं, घरभेदी गेली, आजपासून वळण धड वाजेल.

पहिला बारीक बोल्ट, ठप्प. दुसरा, ठप्प. कालच मी नवा बसवलेला, तोही ठप्प. सगळे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळणावरचा एकही बोल्ट वाजला नाही. हातोडी बदलून बघितली. पान्याने ठोकलं. खाली शनिवारची रांग वळसा घालून तिकीटघरापर्यंत गेली होती, वरून माणसांची डोकीच डोकी. मला वाटलं मी उभा आहे ते वळण आत्ताच्या आत्ता सुटणार. फळीवर बसून, सरकत सरकत खाली आलो, लहान मूल जिन्यावरून उतरतं तसा.

कार्डावर सही केली नाही. साहेबांनी काय काय ऐकवलं ते मला कळलंही नाही, त्यांचा चेहरा तेवढा लाल होता. सुसाट बंद राहिला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा शनिवारी, आणि तोही चौदावाल्यांच्या डोळ्यांदेखत.

तपासनीस बाई यंत्र घेऊन वर गेली. पाच तास वर होती.

रविवार, ३१ मार्च

खाली लिहितो ते नीट लिहितो. परत वाचायची वेळ आली तर पळवाट नको.

सकाळी साहेबांच्या खोलीत गेलो. टेबलावर रुळाचा हातभर तुकडा होता आणि त्यात शेजारी शेजारी दोन बोल्ट बसवलेले. तपासनीस बाई माझ्यासमोर बसली आणि सावकाश म्हणाली, "वळणावरचे सगळे बोल्ट चांगले आहेत. लॉकरमधले एकतीसही चांगले आहेत. एकेक तपासला. आता मी हे दोन ठोकते. यातला एक मुद्दाम चिरलेला आहे. कुठला ते तुम्ही सांगा."

तिने माझीच हातोडी घेतली. पहिला ठोकला. ठप्प. दुसरा ठोकला. ठप्प. मी म्हणालो, दोन्ही खराब आहेत.

तिने पुन्हा पहिला ठोकला. साहेबांनी डोळे बारीक केले. दारात चहा घेऊन आलेल्या शिपायाने मान वळवून टेबलाकडे बघितलं. मग दुसरा ठोकला, आणि कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

माझा डावा हात टेबलावर होता. तिने पहिला तिसऱ्यांदा ठोकला तेव्हा हाताला थरथर लागली. बारीक, आणि बराच वेळ. नाद चालू होता. खोलीतल्या सगळ्यांना येत होता आणि मला येत नव्हता.

मग एकामागून एक सगळं डोळ्यांसमोर आलं. बेल. शिट्टी. शांत झालेली चेन. कुजबुजणारी माणसं. कुणीच कुजबुजत नव्हतं.

भीती वाटायला हवी ती आत्ता वाटते आहे. बोल्ट चांगले असताना मी खराब म्हणालो, हे एक झालं. पण खराब असताना चांगला म्हणालो असेन तर? किती सह्या केल्या मी अशा? किती डबे सोडले?

सोमवार, १ एप्रिल

ठिणगीच्या घरी गेलो. दोन खोल्या, दारात पोरीची सायकल. बेल दाबली, वाजली की नाही मला कसं कळणार, म्हणून दार ठोकलं. तिने उघडलं आणि वाट अडवून उभी राहिली.

मी म्हणालो, "मला ऐकू येत नाही."

"माहिती आहे," ती म्हणाली. माझ्याकडे तोंड करून, नीट, जशी नेहमी बोलते. ती तशी का बोलते हेही मला आज कळलं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, काका. तीनदा."

तिने बोटांवर मोजून सांगितलं. काँप्रेसरपाशी म्हणाली होती, तुमचे कान तपासून घ्या, तोवर मी तुमच्यामागून बोल्ट ठोकत जाऊ का. "तुम्ही हो म्हणालात. वर पाठ थोपटलीत. मला वाटलं, चला, माणसाने मनावर घेतलं." वर वळणावर म्हणाली होती, हे बोल्ट चांगले आहेत, उगीच काढू नका. मी म्हणालो होतो, हो, बघू. कँटीनमध्ये म्हणाली, काढलेले मी नंबर घालून लॉकरमध्ये ठेवले आहेत, चौदावाल्यांनी विचारलं तर दाखवता येतील. मी हो म्हणालो होतो.

"आणि मग तुम्हीच तक्रार केलीत," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला सगळं माहीत आहे आणि स्वतःला वाचवायला मला पुढे केलंत."

"तिथे बोलली का नाहीस? साहेबांसमोर?"

"काय बोलू? मिस्त्री बहिरे आहेत म्हणून? चाळीस माणसांत?" तिचे डोळे भरले होते आणि आवाजही चढला असावा, कारण आतून पोरगी दारात आली.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. मी पास केलेला एखादा खराब निघाला होता का?

"एक," ती म्हणाली. "एकशे बारा नंबर. दहा मार्चला, रविवारी. ढिला होता, अर्धा आटा बाहेर. मी आवळला."

रविवार. बाराशे माणसं बसली होती त्या दिवशी. पहिल्या फेरीला मी बसलो होतो तेव्हा तो आवळलेला होता, मागून ती जाऊन आली होती म्हणून. मी तिथेच पायरीवर बसलो. पोरीने पाणी आणून दिलं.

मंगळवार, २ एप्रिल

तपासणी वहीत लिहिलं. साहेब नको म्हणत होते, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, यंत्राचं निमित्त सांगू, वगैरे. खाणाखुणा करून सांगत होते बिचारे. मी लिहिलं: "मार्च महिन्यात तिसऱ्या वळणावरचे एकतीस बोल्ट मी खराब म्हणून काढले. ते चांगले होते. वळण सरकलेलं नाही. दोष माझ्या कानांत आहे. क्रमांक एकशे बारा ढिला असताना मी पास केला, तो वेल्डरने आवळला. वेल्डरने जे केलं ते मला विचारून केलं." खाली सही. फेरी मारता येणार नव्हती, पण ही सही मी बुडाने केली असं समजतो.

तपासनीस बाईने दोनदा वाचलं. एकशे बारा लगेच न कळवल्याबद्दल ठिणगीला ताकीद मिळेल, म्हणाली, आणि ते बरोबरच आहे. ओळखपत्र परत मिळालं. माझं कार्डावर सही करणं त्याच क्षणी बंद झालं. मी हातोडी टेबलावर ठेवली. बाईने ती उचलून ठिणगीच्या हातात दिली.

१० एप्रिल

डॉक्टर म्हणाले बारीक आवाज गेलेत, जाड आहेत. दहा वर्षं तरी हळूहळू चाललं असणार. काँप्रेसर, कोस्टर, ग्राइंडर, कानात बोळा न घालता. ही शेजारी बसून मान डोलवत होती. डॉक्टरकडे चला हे ती मला किती दिवस सांगत होती, ते तिला विचारलं. म्हणाली, दोन वर्षं. मी काय म्हणायचो? हो, हो.

मशीन कानात घालून घरी आलो. कुणीतरी दार वाजवलं तर उडालोच. बेल होती. इलेक्ट्रिशियनला मनातल्या मनात चोर म्हणालो होतो, ते परत घेतलं.

२२ एप्रिल

व्यवहार झाला. एक मेपासून आम्ही चौदावाल्यांचे, म्हणजे ते आता सतरावाले. सुसाट मोडीच्या यादीतून निघाला, वर्षभर यंत्राच्या देखरेखीखाली चालेल, मग पुढचं पुढे. आमची बोटिंगची बाजू बंद होते आहे, नऊ माणसं जाणार. ते नऊ जण आज माझ्याशी नीट बोलले, त्याचं जास्त लागलं. मला सुट्या भागांच्या खिडकीत बसवलं आहे. भीती गेली असं नाही म्हणता येणार. रोज सकाळी केबिनवर कार्ड लागतं तेव्हा मी खिडकीतून मान काढून बघतो.

मंगळवार, ३० एप्रिल

उद्यापासून हिरवं कार्ड नाही, पहिली फेरीही नाही. ते लोक डब्यांत वाळूची पोती बसवून पाठवतात. पोत्यांना पोटात गोळा येत नाही, हा त्यांचा फायदा.

महिनाभर ठिणगी ठोकत होती, तपासनीस बाई यंत्राने बघत होती, सही बाईच करत होती आणि फेरीही तीच मारत होती. आज शेवटच्या कार्डावर ठिणगीने सही करावी असं बाईने ठरवलं. सही करून ठिणगी डब्यापाशी उभी राहिली आणि पुढे पाऊल टाकेना. तेव्हा समजलं की अकरा वर्षांत ती सुसाटमध्ये एकदाही बसलेली नाही. रूळ जोडणारी, वर वाऱ्यात ओणवी होऊन काम करणारी बाई, आणि डब्याला घाबरते. सही केलेली, आता मागे फिरता येत नव्हतं.

मी खिडकीतून उठून गेलो. नियमात एकट्यानेच बसायचं आहे, पण फोरमन आता बघायला नाहीत. मशीन उडून जाईल म्हणून कानातून काढून डबीत ठेवलं आणि तिच्या शेजारी बसलो. तिने माझा हात असा धरला की अंगठीचा वळ उठला. चढ, चेन, मग वरचा तो क्षण जेव्हा समोर रूळ दिसतच नाही. मी तिच्याकडे बघितलं. डोळे मिटलेले, तोंड सताड उघडं. खाली येईपर्यंत ती ओरडत असणार. मला वाऱ्याचा घरघराट तेवढा येत होता. तिसऱ्या वळणावर मी डोळे उघडे ठेवले. एकेक बोल्ट बाजूने गेला, तिने ठोकलेला.

खाली डबा थांबला. बार वर गेला. ती तशीच बसून होती, केस विस्कटलेले, आणि माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली.

माझी मान हलणारच होती. थांबवली.

मी म्हणालो, "मला ऐकू आलं नाही. परत सांग."